कुम्हारीच्या बाईची कॉफी

ताई, मी तुझ्यावर रागावले आहे. भांडायला समोर माणूस लागतं, आणि तू तर सव्वा महिन्यापूर्वीच निघून गेलीस, म्हणून लिहायला बसले. आपण दोघी असं पुस्तकी मराठी कधीच बोललो नाही. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घरात नागपूरकडची बोली आणि दाराबाहेर हिंदी, त्याचीच खिचडी आपल्याला जन्मभर पुरली. पण कागदावर लिहायचं तर नीट लिही, असा तुझा दंडक होता. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेली बाई तू, माझ्या चिठ्ठीतलेसुद्धा ऱ्हस्वदीर्घ तपासायचीस. तर घे, नीट लिहिते.

लोक मला सांगतात, फार चांगलं मरण आलं. सकाळी आंघोळ झाली, केस पुसत पलंगावर बसलीस आणि तिथंच कलंडलीस. कोणाला पाण्याचा पेला मागितला नाहीस. मी हो म्हणते. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, वाईट मरण कसं असतं ते पाहिलं आहे, तेव्हा तुझं चांगलंच म्हणायचं. पहिले बारा दिवस मी नुसती रडले. साधं, सरळ रडले, मोठी बहीण गेल्यावर धाकटी रडते तसं. तुझी तेरवी झाली नसती तर अजूनही तशीच रडत असते, आणि मला ते चाललं असतं.

तेरवीला तुमच्या मरोद्याच्या घरात पंगत उठल्यावर सारिका मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तुझी सून चार शब्दांच्या वर कधी बोलत नाही. त्या दिवशी तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे आईंनी कॉफी सोडली. आमचं तर त्यांनी ऐकलंच नसतं. दोन वर्षं जास्त भेटली आमाले, ते तुमच्यामुळे."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतं. मी विचारलं, कॉफी सोडली म्हणजे काय. ती गोंधळली. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून ऐकलं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या छातीत धडधडायला लागलं होतं. तुझा लेक प्रसाद आणि ती तुला दवाखान्यात घेऊन गेले. हृदयाचे ठोके बेताल पडतात असं निघालं. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ठोके आवरायची दुसरी, आणि कॉफी बंद. घरी येऊन तू त्यांना सांगितलंस की काळजीचं कारण नाही, निमा नर्स आहे, ती सगळं पाहून राहिली. मंगळवार, गुरुवार, शनिवार तू माझ्याकडे यायचीस ते माझ्या नजरेखाली राहायला, आणि माझ्या घरी तू जिऱ्याचं कोमट पाणी प्यायचीस. वर हेही सांगून ठेवलंस की निमासमोर आजाराची गोष्ट काढू नका, तिला टेन्शन येतं. म्हणून दोन वर्षांत त्या दोघांनी माझ्यापुढे अवाक्षर काढलं नाही.

जिऱ्याचं पाणी. तू गेलीस त्याच्या तीन दिवस आधी, शनिवारी, माझ्या कॅम्प-१ च्या घरात तुझ्या नेहमीच्या खुर्चीत बसून तू दोन पेले कॉफी प्यायलीस, आणि पेल्याच्या काठाला लागलेला फेस बोटानं पुसून चाटलास. एकाहत्तर वर्षांची तू. मी तुला हसले होते.

सारिकाला मी खरं सांगितलं नाही. तिनं माझ्या पायांना हात लावला आणि मी आशीर्वाद दिला. मग बाहेर आले. काय करावं सुचेना, म्हणून सकाळपासून मनात असलेलं एक काम करायला घेतलं. तुझ्या भजनमंडळाच्या बाया ओट्यावर चपला घालत होत्या. कुम्हारीच्या त्या बाईला तू गेल्याचं कोणी कळवलं का, ते मला त्यांना विचारायचं होतं.

त्या बाईची गोष्ट तू मला दोन वर्षं सांगितलीस. एका गुरुवारी कॉफी पिता पिता म्हणालीस, "आमच्या मंडळात एक बाई आहे, कुम्हारीवरून बसनं येते. तिचं काळीज मधातच फडफडते म्हणे, चिमणी धरल्यावानी. कायचं होय ते?" मी म्हटलं, आधी ईसीजी काढायला सांग. पुढच्या वेळी तू सांगितलंस की काढला, ठोके बेताल आहेत, गोळ्या दिल्या. मी तुला त्या गोळ्यांचं सगळं समजावून सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दाखवायचं, अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. तू एवढं मन लावून ऐकत होतीस की मला वाटलं, बघा, दुसऱ्यासाठी किती जीव टाकते आमची ताई.

मग तू विचारलंस, "अन् कॉफी पेली तर?"

"डॉक्टर काय म्हणते तिचा?"

"तो तर बंद म्हणते."

"मग बंद," मी म्हटलं. "त्यात काय विचारायचं आहे?"

तू म्हणालीस, "बिचारी," आणि पेला तोंडाला लावलास.

हे मला आता दिवसातून चारदा आठवतं. तुझ्या चेहऱ्यावर काही हललं होतं का, ते आठवून पाहते. काही हललं नव्हतं ताई. तू छान चेहरा ठेवला होतास.

ती बाई मला आवडायला लागली होती. तू आलीस की मीच विचारायची, कशी आहे तुझी कुम्हारीवाली. बरी आहे, तुझं नाव घेते, असं तू सांगायचीस. जिने चढताना तिला दम लागतो म्हणालीस तेव्हा मी तिला सावकाश चढायला सांगितलं. दिवाळीत मी तिच्यासाठी बिनमिठाच्या शेवेचा डबा भरून दिला. एकदा म्हटलं, आण न तिले एक दिवस, मी नाडी पाहते. तू म्हणालीस, तिचे गुडघे दुखतात, दोन ऑटो बदलणं तिला जमत नाही. डबा रिकामा होऊन परत आला आणि तू सांगितलंस, शेव छान होती म्हणे, पण जराशी मऊ पडली.

तर तिचं विचारल्यावर ओट्यावरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतली सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "कुम्हारीवरून? आमच्यात तर मरोद्याच्या बाहेरचं कोणीच नाई वो."

मी ऑटोत बसून घरी आले तेव्हा रडू येत नव्हतं. ते थांबलं ते थांबलंच. त्याच्या जागी हे आलं, जे मी तुला आता लिहिते आहे.

कॉफीच्या बाबतीत तू माझ्याशी खोटं बोलावंस, हेच मला सहन होत नाही. दुसरं काहीही चाललं असतं. कॉफी तर तूच मला दिलीस. आपल्या घरी कॉफी म्हणजे औषध होतं. ताप उतरला की आई दुधात कॉफीची चिमूट टाकायची, वर जायफळ किसायची, आणि ते गोडमिट्ट पाणी आपण नाक मुरडत प्यायचो. बाबा गार्डची ड्यूटी करून आले की त्यांना चहाच लागायचा. कॉफीनं डोकं गरम होतं, पोरीबाळींनी पिऊ नये, असं त्यांचं मत होतं. मग शेजारच्या क्वार्टरमध्ये विजयवाड्याकडचं कुटुंब आलं. त्या बाईंना सगळी लाइन अम्मा म्हणायची. तू चौदा वर्षांची होतीस, ब्लाउज बेतायला शिकायला म्हणून त्यांच्याकडे जायला लागलीस. परत यायचीस तेव्हा तुझ्या ओढणीला एक करपट, गोडसर वास असायचा. मी आठ वर्षांची. मला वाटायचं, हा ब्लाउज शिवण्याचा वास आहे.

एके दिवशी तू मला घेऊन गेलीस. अम्मांचं पितळेचं फिल्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, एकावर एक बसवलेली दोन भांडी, वरच्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. वरून उकळतं पाणी टाकलं की काळा अर्क, म्हणजे डिकॉक्शन, थेंब थेंब खाली उतरतो, आणि तो उतरेपर्यंत कोणी घाई करायची नाही. अम्मा तोवर फुलं ओवायच्या. मग तापलेलं दूध, साखर, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी हातभर उंचावरून धार. मला तू तुझ्या पेल्यातला शेवटचा घोट दिलास. कडू होता. मी तोंड वाकडं केलं. तू म्हणालीस, "गिळ. मंग मागची चव येते." मी गिळलं, आणि खरंच आली.

घरी सांगायचं नाही, असं तू मला बजावलंस. मी सांगितलं नाही. तेव्हापासून मी तुझ्या बाजूनं किती वेळा खोटं बोलले, ते आता काढत नाही. पण ते सगळं खोटं आपण दोघी मिळून इतरांशी बोलायचो. त्या खोट्याच्या आतल्या बाजूला मी असायची. म्हातारपणी तू मला बाहेर काढलंस.

नंतर तुझं लग्न झालं, माझं झालं, दोघीही दुर्गहून उठून भिलाईत आलो. तू म्हणायचीस, कारखाना पोलाद बनवायला काढला, पण त्यानं आपल्यासाठी कॉफी आणली. आंध्रातून, केरळातून, तामिळनाडूतून माणसं इथं कामाला आली, त्यांच्या बायका ट्रंकेत फिल्टर घालून आल्या, म्हणून सेक्टरच्या बाजारात कॉफी दळून मिळायला लागली. कॉफीच्या गोष्टी तुझ्याकडे खूप होत्या. डोंगरावर लाल फळं खाऊन नाचणाऱ्या बकऱ्या. अरबांच्या देशातून सात बिया कमरेला लपवून आणणारा फकीर, ज्यानं त्या आपल्या दक्षिणेतल्या टेकडीवर पेरल्या. तिकडून बी बाहेर नेऊ देत नसत म्हणे, म्हणून चोरून. हे सांगताना तुला फार मजा यायची. इतिहासात खरं काय घडलं ते कोणाला ठाऊक, पण चोरून आणल्यामुळेच कॉफीला एवढी चव आहे, असं तुझं ठाम मत होतं.

माझ्याकडे गोष्टी नव्हत्या, मला तिचे गुण-अवगुण माहीत होते. दिवसभर मेंदूत झोप आणणारं एक द्रव्य साठत जातं, आणि कॉफी नेमकी त्याच्या जागेवर जाऊन बसते. झोप आलेली असते, पण तिला टेकायला जागा मिळत नाही. तू म्हणालीस, म्हणजे आपल्या रिझर्वेशनच्या सीटवर भलताच येऊन बसला. मी म्हटलं, तेच. आणि तो पाच-सहा तास तरी उठत नाही. तुला कॉफी पिऊन तासाभरात झोप लागायची, याचा मला हेवा वाटायचा. मला एका पेल्याच्या वर धडधडायचं, म्हणून मी एकावर थांबायची आणि तू माझ्यासमोर दुसरा घ्यायचीस. चिकोरीवरून आपण वीस वर्षं भांडलो. अम्मांच्या कॉफीत चिकोरी होती म्हणून तुला ती हवी, आणि कॉफीत भाजलेलं मूळ कशाला मिसळायचं, असा माझा सवाल. शेवटी मी दोन डबे ठेवले. तुझा डबा अजून अर्धा भरलेला आहे.

हे गेल्यावर, मुलगी बंगळूरला गेल्यावर, त्या तीन दुपारी होत्या म्हणून माझा आठवडा उभा राहायचा. हे मला तुला कधी सांगावंसं वाटलं नाही, कारण तुला ते ठाऊक असणार असं मी धरून चालले होते. तू दोन ऑटो बदलून यायचीस, पायरीवर चपला काढायच्या आधी विचारायचीस, "डिकॉक्शन उतरलं का?" आणि माझ्या घराला घरपण यायचं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे वाक्य लिहून ठेवते, कारण पुढच्या ओळीत मी पुन्हा रागावणार आहे.

मागच्या संक्रांतीला मी तुझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. तुझा हात मी हातात घेतला, तर तू झटकन ओढून घेतलास आणि म्हणालीस, मीच भरते, तू फोडशील. मला वाईट वाटलं होतं. आता कळतं. माझी बोटं तुझ्या मनगटावर पडली असती तर मला एका मिनिटात समजलं असतं. चौतीस वर्षं मी लोकांच्या नाड्या धरल्या, आणि सख्ख्या बहिणीनं आपली नाडी माझ्यापासून दोन वर्षं लपवली. सबंध भिलाईत जी एक बाई तुला पकडू शकत होती, तिच्याच स्वयंपाकघरात बसून तू तिच्याच हातची कॉफी पीत राहिलीस, आणि उपचार कसा करायचा तेही तिलाच विचारत राहिलीस. तुझ्या धाडसाचं कौतुक करावं की काय करावं, मला समजत नाही.

का, ते शोधण्यात मी पंधरा दिवस घालवले. उत्तर मला नको होतं तिथं सापडलं. आईच्या शेवटच्या वर्षात ती माझ्याकडे होती. तिचं बीपी वर जायचं, पाय सुजायचे. मी घरातलं लोणचं उचलून शेजारी देऊन टाकलं. पापड बंद, मीठ मोजून. ती एकदा शेजारणीकडून आंब्याच्या लोणच्याची फोड मागून आणून पदराखाली खात होती, ती मी तिच्या हातातून काढून घेतली. तू तेव्हा दारात उभी होतीस. आईसमोर काही बोलली नाहीस. मागच्या अंगणात मला म्हणालीस, "निमा, तू तिची नर्स झाली. लेक नाई राहिली."

मी तुला म्हटलं होतं, तुला काय, तू रविवारी येतेस आणि लाड करून जातेस. पुन्हा तो विषय आपल्यात निघाला नाही. आई त्यानंतर पाच महिने जगली. लोणचं दिलं असतं तर चार जगली असती की सहा, हे मी कोणाला सांगू शकणार नाही. तू ते वाक्य विसरली असशील असं मला वाटत होतं. तू विसरली नव्हतीस. तुला बहीण हवी होती, नर्स नको होती, म्हणून तू माझ्यातल्या नर्सला कुम्हारीच्या बाईकडे पाठवलंस आणि बहिणीला कॉफी करायला लावलंस. तुझी युक्ती मला कळते. पण मला तू निवडू दिलं नाहीस. मी दोन्ही होऊन दाखवलं असतं, किंवा नसतं दाखवलं. मला एकदा संधी द्यायची होतीस.

सारिकाचं ते धन्यवाद म्हणणं मला गिळता येत नव्हतं. तिनं तेरवीनंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तेच बोलली. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही. गेल्या रविवारी सकाळी मरोद्याला गेले. प्रसाद घरी होता. सारिकानं चहा ठेवायला घेतला तर मी तिला म्हटलं, बस, मला काही सांगायचं आहे. आणि सांगितलं. तुमची आई माझ्याकडे जिऱ्याचं पाणी प्यायली नाही. कॉफी प्यायली. दर खेपेला दोन पेले. शेवटच्या शनिवारीसुद्धा.

सारिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. प्रसादनं विचारलं, "मावशी, तुले माहीत होतं तिच्या हार्टचं?"

ताई, त्या क्षणी मला जुनी सवय आठवली. हो म्हटलं असतं तर दोष माझ्या माथी आला असता आणि तू सुटली असतीस. लेकाच्या मनात तू ऐकणारी, शहाणी आई राहिली असतीस. लहानपणापासून मी हेच केलं आहे. पण या वेळी मला जमलं नाही.

"नाई," मी म्हटलं. "मले नाई सांगितलं तिनं. तुमाले एक सांगितलं अन् मले एक."

मग मी कुम्हारीच्या बाईचंही सांगितलं. शेवेच्या डब्यापर्यंत सगळं. मला वाटलं होतं प्रसाद चिडेल. माझ्यावर चिडेल, मी त्याची तयारी ठेवून गेले होते. तो खुर्चीत पुढं वाकून बसला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "कॉफीचं. दसऱ्याले तिले घ्याले आलो होतो तुझ्याकडे, तवा पाह्यलं. तिच्या हातात पेला होता. मी काईच नाई बोललो. मले वाटलं तुले सारं माहीत आहे. तू देऊन राहिली म्हणजे चालत असंन."

सारिका त्याच्याकडे पाहत राहिली. तिला हे आज कळत होतं. तिनं दोन वर्षं रोज सकाळी तुझ्या हातावर गोळ्या ठेवल्या, तुझ्यासाठी घरातली कॉफीची बाटली फेकून दिली, आणि नवऱ्यानं एवढं पाहूनही तिला सांगितलं नाही. ती उठून आत गेली. प्रसाद तिच्यामागे गेला नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो आणि मला वाटलं, त्याला जवळ घ्यावं. पण तो पन्नाशीचा माणूस आहे, आणि मला हात उचलेना.

तू इतकी साधी चाल खेळलीस ताई. प्रत्येकाला दुसऱ्यावर टाकलंस. ते माझ्या भरवशावर गप्प राहिले, मी तुझ्या भरवशावर. तू मात्र दोन्हीकडे सुखानं राहिलीस, आणि मी खोटं कशाला बोलू, माझ्या घरी तू खरंच सुखात होतीस. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

सारिका परत आली तेव्हा तिच्या हातात तुझी फाईल होती. डोळे पुसून आली होती. म्हणाली, "मावशी, आता तरी पाहून घ्या. आमाले तर यातलं काई वाचताच नाई येत." त्यात चीडही होती, आणि ती माझ्या वाट्याची होती, मी घेतली.

मी चष्मा लावला. ईसीजीच्या पट्ट्या पाहिल्या. कुम्हारीच्या बाईला मी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं, त्याच गोळ्या, त्याच तपासण्या. तपासण्या वेळेवर झाल्या होत्या. गोळी तू एकही चुकवली नव्हतीस. तेवढं माझं तू ऐकलं होतंस. दोन पेल्यांनी तुझं काय बिघडलं, काही बिघडलं का, हे या कागदांवरून मला कळत नाही आणि कोणालाच कळणार नाही. हे मी प्रसादला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं की नाही, मला ठाऊक नाही.

अगदी तळाशी पहिल्या भेटीचा कागद होता. डॉक्टरचं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. प्रसाद म्हणाला की त्याला त्यात 'कॉफी' एवढंच लागलं होतं, पुढं आडवीतिडवी रेघ. सारिका म्हणाली, तोंडी तर ते म्हणाले होते, कॉफी कम करो, बंद ही समझो. म्हणून तिनं बंद केली. माझी निम्मी नोकरी असली अक्षरं वाचण्यात गेली. मी तो कागद खिडकीपाशी नेला. आडव्या रेघेत इंग्रजीत लिहिलं होतं: कॉफी कमी करावी, दिवसातून एक लहान कप चालेल.

मी ते दोघांना वाचून दाखवलं. प्रसादनं कागद मागून घेतला, पाहिला आणि सारिकाकडे दिला. मला आधी हसू आलं. मग मात्र तेरवीपासून अडलेलं रडू मरोद्याच्या त्या खिडकीशी फुटलं, आणि सारिका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

तू ते वाचलं होतंस का, हे आता समजायचं नाही. बहुतेक नसशीलच. तुला कागद मला दाखवायचा नव्हता, आणि मी सोडून दुसऱ्या कोणाला ते अक्षर लागलं नसतं.

एक लहान कप, ताई, रोजचा. तो मी तुला उजळ माथ्यानं दिला असता. दुसऱ्या कपासाठी तू हट्ट धरला असतास. मी नाही म्हटलं असतं. तू आईचं नाव काढून मला टोचलं असतंस, मी रडले असते, आणि शेवटी अर्धा पेला ओतला असता. त्या भांडणावर माझा हक्क होता. ते तू मला करू दिलं नाहीस.